महागडं पेट्रोल घेण्याआधी टाकीचं झाकण बघा

पंपावर 'साधं की प्रीमियम?' असं विचारलं की आपण गोंधळतो.

१. टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल बघा.
२. तिथे 'रॉन ९१' (रॉन म्हणजे ऑक्टेनचा आकडा: पेट्रोल इंजिनात अवेळी पेटणं किती टाळतं, ते सांगणारा) असेल तर साधं पेट्रोल पुरतं. जास्त ऑक्टेनच्या प्रीमियमवर जादा पैसे घालून मायलेज सहसा वाढत नाही.
३. 'किमान ९५' लिहिलं असेल (काही टर्बो, महागड्या गाड्या) तर त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल घेऊन काटकसर नको.

अमेरिकेतल्या पंपावरचा ऑक्टेनचा ८७ आकडा पाहून दचकू नका. मोजायची पद्धत वेगळी, तो रॉन ९१ च्या आसपासच.

मात्र घाट चढताना इंजिनातून टकटक आवाज येत असेल, तर नुसतं पेट्रोल बदलून गप्प बसू नका, मेकॅनिकला दाखवा.