मूल पाय आत टाकून चालतं? पीळ नेमका कुठे आहे ते असं तपासा

माझ्याकडे येणाऱ्या आयांची तक्रार बहुतेक एकच असते: पोरगी पाय आत टाकते, पायात पाय अडकून पडते. सोबतची आजी मालिशवालीला दोष देत असते. मुलांसोबत नव्यानं काम सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनो, त्या क्षणी काही बोलू नका. पीळ मांडीच्या हाडात आहे, नडगीत आहे की पावलात, हे कळेपर्यंत आपलं उत्तर अंदाजच असतो, आणि त्या अंदाजापायी पालक महागडे बूट घेऊन बसतात.

लागतं फारसं काही नाही. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन), सपाट टेबल, चालायला मोकळी जागा आणि मुलाच्या अंगात तोकडी चड्डी. गुडघ्याची वाटी दिसली पाहिजे.

'चालून दाखव' म्हटलं की मूल पाय सावरून चालतं. म्हणून त्याला काहीतरी आणायला पाठवा, मग पळवा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत नेतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ असेल तर आवर्जून मागा. तेव्हा सगळं लक्ष बैलाकडे असतं आणि चाल खरी दिसते. चालण्याच्या रेषेशी पाऊल किती अंशांत आहे ते लिहा, बाहेर अधिक, आत उणे. ओल्या पावलांचे ठसे चांगले उमटतात, पण नागपुरात मे महिन्यात ते मोजायच्या आत वाळतात. तेव्हा तळव्याला पावडर लावा. मोठ्या मुलांत हा कोन +10 च्या आसपास असतो.

त्याच वेळी गुडघ्याच्या वाट्या बघा. दोन्ही वाट्या एकमेकींकडे बघत असतील तर पीळ बहुधा वर, मांडीत. वाट्या समोर आणि पावलं आत, तर नडगीत किंवा पावलात.

आता मुलाला पालथं झोपवा, गुडघे 90 अंशांत वाकवा. नवे लोक इथेच गोंधळतात. या स्थितीत पावलं बाहेरच्या बाजूला पडतात तेव्हा खुबा आत फिरत असतो, आणि पाऊल दुसऱ्या पायाकडे येतं तेव्हा खुबा बाहेर फिरत असतो. आधी स्वतःच्या सहकाऱ्यावर हे करून बघा, हाताला पटू द्या. आतलं वळण मोजताना दोन्ही पाय एकदम बाहेर पडू द्या, दाबू नका. वजनानं जिथे थांबतील तिथे उभ्या रेषेपासून नडगीचा कोन घ्या. बाहेरचं वळण एकेका पायाचं घ्या आणि दुसरा हात कुल्ल्यावर ठेवा. कंबर उचलली गेली की आकडा फुगतो.

आतलं वळण 70 अंशांच्या वर गेलं तर मांडीतला पीळ जास्त समजा; 90 च्या वर गेलं तर तीव्र. अशा मुलांचं बाहेरचं वळण तोकडं असतं, त्यामुळे पंगतीत मांडी घालून बसणं त्यांना जड जातं आणि ती दोन्ही पाय बाजूंना मागे टाकून बसतात. ती बसण्याची पद्धत हाडाच्या ठेवणीमुळे येते. त्यासाठी मुलाला रागावणाऱ्या आईला मी हे आकडे दाखवून समजावते. जन्माच्या वेळी मांडीच्या हाडाचा हा पुढचा पीळ 30 ते 40 अंश असतो आणि वाढीबरोबर उतरत मोठेपणी 15 च्या आसपास येतो. तान्ह्या बाळात मात्र गर्भातल्या बसणीमुळे खुबा बाहेर जास्त वळतो, त्यामुळे हा पीळ झाकलेला राहतो.

मूल पालथंच असू द्या. घोटा काटकोनात सैल धरून वरून बघा आणि मांडीच्या रेषेशी पावलाचा कोन घ्या. शालेय वयात तो साधारण +10 असतो. चालायला लागलेल्या वयात थोडा उणे असला तरी चालतो. याच स्थितीत तळवाही दिसतो. टाचेच्या मधून ओढलेली रेषा दुसऱ्या बोटाजवळ निघाली पाहिजे. ती चौथ्या-पाचव्या बोटाकडे गेली तर पावलाचा पुढचा भागच आत वळलेला आहे.

हे सगळं एकत्र मांडायची पद्धत अमेरिकेतले ऑर्थोपेडिक सर्जन लिन स्टाहेली यांनी रुजवली. 1985 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी 500 निरोगी माणसांच्या 1000 पायांची मोजमापं प्रसिद्ध केली. आपण वयानुसार आकडे ताडतो ते मुख्यतः त्यांच्याच आधारावर.

दोन्ही बाजू सारख्या, दुखणं नाही, पळणं-खेळणं ठीक, तर पालकांना धीर द्या. बहुतेकांचं वाढीबरोबर सुधारतं. बूट, पट्टे, जोर लावून केलेली मालिश यांनी हाडाचा पीळ उतरत नाही. शस्त्रक्रियेचा विचार फार थोड्यांत, तोही साधारण वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर होतो.

पण एकाच पायाचा फरक, लंगडणं, वाढत जाणारा पीळ, टाच न टेकणं, ताठर स्नायू किंवा उशिरा चालणं दिसलं तर थांबू नका. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ऑर्थो (हाडांच्या) ओपीडीत पाठवा. दहा-बारा वर्षांचं वजनदार मूल गुडघा दुखतो म्हणून आलं आणि खुबा आत वळतच नसेल, तर खुब्याचा गोळा सरकल्याची शंका घ्या. त्याला चालवू नका, त्याच दिवशी एक्स-रे करायला लावा.

प्रत्येक आकडा डावा-उजवा वेगळा, तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाल तेव्हा शक्यतो त्याच हातांनी मोजा.