लेक कोडं नाही, माझ्या भुवया वाचत होती

गिफ्टेड वर्गाच्या, म्हणजे विशेष हुशार मुलांसाठीच्या वर्गाच्या, प्रवेश चाचणीची तारीख कळली तेव्हा लेक ५ वर्षं ४ महिन्यांची होती. त्याच आठवड्यात मी सरावाच्या चार पुस्तिका आणल्या आणि रोज तासभर बसायचं असं फर्मान काढलं. दहात नऊ उत्तरं बरोबर यायला लागली, मी खूश. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की बाई कोड्याकडे बघतच नाहीत. पर्यायांवरून बोट हळूहळू सरकवायचं आणि माझ्या भुवया हलतील तिथे थांबायचं, अशी तिची पद्धत होती.

खऱ्या चाचणीत ही युक्ती चालत नाही. परीक्षक प्रेमाने बोलतात, पण उत्तर बरोबर की चूक हे कळू द्यायचं नाही अशी त्यांना सूचना असते.

पुस्तिका आणण्याआधी मी शाळेला चाचणीचं नाव विचारायला हवं होतं, कारण प्रत्येक चाचणी वेगळी. कॉगॅट नावाच्या चाचणीत भाषा, संख्या आणि आकृत्या असे तीन भाग असतात. लहानांसाठी ती चित्रांवर चालते, वाचता येण्याची गरज नसते, प्रश्न मोठ्याने सांगितले जातात. नॅग्लिएरीत (एनएनएटी) नुसत्या आकृत्या, ३० मिनिटांत ४८ प्रश्न. विप्सी ही तिसरी चाचणी मात्र मानसशास्त्रज्ञ एकेका मुलाला समोर बसवून घेतात, त्यात लाल-पांढरे ठोकळे जुळवायचे असतात. विप्सीचे प्रश्न शोधत फिरू नका. ते गोपनीय असतात, आणि मुलाने आधीच पाहिलेले असले तर येणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही. आमच्या वाट्याला कॉगॅट होती.

मग तीन पुस्तिका कपाटात गेल्या. वेळ पंधरा मिनिटांवर आणला, तोही आठवड्यातून चारच दिवस. मी तिच्या समोर बसायचं सोडून शेजारी बसू लागले, म्हणजे माझं तोंड दिसायला नको. आणि नियम केला, आधी कारण सांगायचं, मग बोट ठेवायचं. उत्तर बरोबर असलं तरी "का?" विचारायचंच. नाहीतर "का?" म्हणजे चुकलं, हे मुलांना दोन दिवसांत कळतं.

या एका नियमाने बरंच उघड झालं. वरच्या ओळीत मोठं लाल वर्तुळ, शेजारी छोटं लाल वर्तुळ. खालच्या ओळीत मोठा निळा चौकोन, शेजारी रिकामी जागा. ती तिथे छोटं वर्तुळ ठेवायची. "छोटं व्हायला पाहिजे ना!" म्हणजे काय बदललं ते तिने टिपलं होतं, काय तसंच राहिलं ते सुटलं होतं. मग आम्ही प्रत्येक कोड्याला हे दोन्ही प्रश्न विचारू लागलो, आधी आडवं बघून, मग उभं.

एकदा कावळा, विमान, पतंग, मासा यांतून वेगळं काय ते शोधायचं होतं. तिने पतंग म्हटलं, कारण पतंगाची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. मला ते उत्तर आजही माशापेक्षा आवडतं. पण गुण माशाला. तिला चूक म्हणवेना, म्हणून विचारलं, "तुझं कारण खरंय. आता हे चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात काय असेल?" हा खेळ तिला फारच आवडला. चौकटीबाहेरचा विचार करणारी मुलं अशाच ठिकाणी गुण घालवतात.

घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, हा प्रकार पुस्तिकेत डोक्यात शिरेना. खरा कागद आणि पंचिंग मशीन दिल्यावर चार दिवसांत जमला, घरभर कागदाच्या टिकल्या झाल्या ते वेगळं.

शेवटी शेजारच्या काकूंना विनंती केली, पंधरा मिनिटं हिला कोडी घाला, चेहरा मात्र मख्ख ठेवा. पहिल्या दिवशी लेक रडवेली. "काकू रागावल्यात का?" मी सांगितलं, आज काकूंचं काम नुसतं ऐकायचं आहे. तिसऱ्या खेपेला तिने त्यांच्याकडे बघणंच सोडलं. चाचणीला जाण्याआधी एवढी एक गोष्ट झाली तरी पुष्कळ, असं माझं मत.

निकाल ९३ पर्सेंटाइल, हवे होते ९७. ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ टक्के नव्हेत, त्याच वयाच्या शंभरातल्या साधारण ९३ मुलांच्या पुढे. वय महिन्यांत मोजतात, त्यामुळे आपलं मूल वर्गात सगळ्यात लहान आहे ही काळजी करू नका. शिवाय या वयातला आकडा वर्षभरात बराच हलतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेने १९०५ मध्ये आपली बुद्धिमत्ता चाचणी बनवली ती मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करण्यासाठी. निकालाच्या दिवशी मला ते आठवलं, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

पुढच्या वर्षी परत बसायचं का, असं लेकीला विचारलं. कागदाला भोकं पाडायची असतील तर हो, म्हणाली.