बाहेरून काम करून घेताना करारात हक्कांचे कलम हवेच

दुकानाची वेबसाइट किंवा बिलिंगचे सॉफ्टवेअर बाहेरच्या व्यक्तीकडून ठोक मोबदल्यावर करून घेताना बहुतेक व्यावसायिक रक्कम आणि तारीख तेवढी ठरवतात. परंतु कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार अशा कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ते करणाराच असतो आणि सगळे पैसे चुकते केले म्हणून तो हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही. (पैसे देऊन काढून घेतलेली छायाचित्रे हा त्यातला अपवाद.) त्यासाठी सहीनिशी लेखी हस्तांतरण लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ते ५ वर्षांपुरते, तर प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारतापुरते धरले जाते. म्हणून ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी’ हे शब्द मसुद्यात आहेत ना, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

काम संपल्यावर त्या व्यक्तीने तुमच्या स्पर्धकाकडे जाऊ नये, अशी अट मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे (व्यवसाय करण्यास मनाई करणारे करार रद्दबातल ठरवणारे कलम) सहसा टिकत नाही. त्याऐवजी ग्राहकांची यादी आणि दर गोपनीय ठेवण्याची अट नेमकेपणाने लिहिणे अधिक उपयोगाचे.

शिवाय कागदावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहून रोज दहा ते सहा हजेरी घेतली, रजेसाठी अर्ज मागितला, तर वाद उद्भवल्यास न्यायालय शीर्षकापेक्षा प्रत्यक्ष नियंत्रण पाहते आणि त्या व्यक्तीला तुमचा कर्मचारी मानू शकते.