थंडीतला ट्राउट: सराव पुण्यात, गळ तीर्थनला

पुण्यात स्वेटर बाहेर निघाले की मला ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आठवतो, आणि नेमकी तेव्हाच हिमाचलात त्याला बंदी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याच्या विणीचा काळ, त्यामुळे तीर्थनसारख्या नद्यांवर गळ बंद. मार्चमध्ये बंदी उठते, पण पाणी अजून हिवाळ्याचंच असतं. त्या पाण्यातल्या फ्लाय-फिशिंगसाठी, म्हणजे खोट्या किड्याने केलेल्या मासेमारीसाठी, लागणारा हात आत्ता, इथेच बसवायचा.

मुळा-मुठेत मात्र ट्राउट शोधू नका. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याला सोसत नाही. इथला मानकरी महसीर. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते इथल्याच माशांवरून. देहू-आळंदीच्या माशांना गळ दाखवायचाही नाही, हे सांगायला नकोच.

सामान. नऊ फुटी, ५ नंबरची काठी (हा नंबर लाइनच्या वजनाचा), त्याच नंबरची तरंगती लाइन म्हणजे जाड, वजनदार दोरी, तिच्यापुढे नऊ फुटी लीडर म्हणजे निमुळता पारदर्शक धागा, आणि टोकाला ५एक्स टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक धागा. फ्लाय म्हणजे पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा. थंडीत पाण्याखाली जाणारा, म्हणजे निम्फ घ्या. डोक्याशी मणी असलेले फेझंट टेल आणि हेअर्स इअर या जातीचे निम्फ, १४ ते १८ नंबरचे, एवढे पुरे. नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो. दुकानात पहिल्यांदा मी उलटं समजून भलतेच मोठे उचलले होते.

फेक. सगळी मेख इथे आहे. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरी ओढत नेतं. फ्लायला वजन जवळपास नसतंच; वजन लाइनचं, आणि लाइनच फ्लायला घेऊन जाते. म्हणून मैदानात, गळ न लावता, टोकाला लोकरीचा तुकडा बांधून सराव करा. काठी घड्याळातल्या दहा आणि एकच्या मध्येच फिरवायची. मागे नेली की थांबायचं, लाइन पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे. चाबकासारखा ‘सट्’ आवाज आला तर घाई झाली. आमच्या सोसायटीतले एक काका रोज बघायचे. शेवटी म्हणाले, “अहो, इथे नळाला पाणी नाही, तुम्हाला मासे कुठून मिळणार?”

समोर ठेवलेल्या टोपलीत लोकर पडू लागली की एखाद्या तलावावर चिलापी धरून बघा. छोटा निम्फ ती आनंदाने घेते. आधी तिथला मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून परवानगी घ्या.

नदीवर. कुल्लू जिल्ह्यातल्या बंजारच्या पुढे गुशैनीच्या आसपास तीर्थन लागते. हिमाचल मत्स्य विभागाचा परवाना आधी काढायचा. पहाटे उठायची गरज नाही, अकरा ते तीन हीच वेळ. गार पाण्यात ट्राउटचं शरीर मंदावतं, तो घासामागे धावत नाही, घास तोंडाशी यावा लागतो. त्यामुळे खळाळ सोडा. खोल, संथ डोह आणि जिथे वेगवान पाण्याला संथ पाणी घासून जातं ती रेघ पकडा.

लीडरवर रंगीत तरंगता मणी बांधा, फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेका. मणी पाण्यावरच्या फेसाच्या गतीने यायला हवा. पुढे पळाला तर लाइनचा मधला फुगा फ्लायला ओढतोय, तो फुगा काठीने उचलून वरच्या बाजूला टाका. फ्लाय तळाला अधूनमधून लागायलाच हवी, लागत नसेल तर फ्लायच्या वर धाग्याला शिशाचा बारीक दाणा चिमटून बसवा. थंडीतला चावा झटक्याने येत नाही. मणी क्षणभर थबकतो, एवढंच. थबकला की काठी उचला. दगड निघेल, निघू दे. एका रेघेवर पंधरा-वीस फेका झाल्याशिवाय जागा सोडू नका.

सुती मोजे नकोत, लोकरीचे घाला. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, घातलीत तर कमरेचा पट्टा आवळा. काठीच्या कड्यांत बर्फ धरला तर टोक पाण्यात बुडवून विरघळवा.

मासा आला की हात ओले करूनच धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच सोडा. आणि उथळ पाण्यात मधेच धुतल्यासारखी स्वच्छ खडी दिसली तर वळसा घालून जा, खाली अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं असू शकतात.