एसएनएमपी पोलिंग आणि अलर्टची मर्यादा: स्विच-राउटरवर देखरेख कशी बसवावी

एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कमधल्या उपकरणांची हालहवाल विचारण्याचा प्रोटोकॉल, वापरून देखरेख ठेवणे म्हणजे नेटवर्कमधील प्रत्येक स्विचला आणि राउटरला ठरावीक अंतराने तेच ते प्रश्न विचारणे (यालाच पोलिंग म्हणतात) आणि आलेल्या आकड्यांवरून माणसाला केव्हा उठवायचे हे ठरवणे. प्रश्न विचारण्याची व्यवस्था एका दिवसात उभी राहते. उठवण्याची मर्यादा मात्र आपल्या नेटवर्कची सवय समजल्याशिवाय ठरवता येत नाही.

सुरुवात प्रवेशापासून करावी. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे व्ही२सी मध्ये, कम्युनिटी स्ट्रिंग (उपकरणाने उत्तर द्यावे म्हणून पाठवायचा पासवर्डसारखा शब्द) उघड्या मजकुरात जाते आणि अनेक जुन्या उपकरणांवर ती अजूनही 'पब्लिक' अशीच असते. उपकरणाला जमत असेल तर तिसरी आवृत्ती वापरावी, त्यात ओळख पटवण्यासाठी एसएचए आणि मजकूर झाकण्यासाठी एईएस निवडावे. आवृत्ती कोणतीही असो, परवानगी केवळ वाचण्याची द्यावी आणि यूडीपी १६१ हे पोर्ट फक्त देखरेखीच्या सर्व्हरलाच खुले ठेवावे.

यानंतर कोणते काउंटर, म्हणजे उपकरणाने स्वतः मोजत ठेवलेले आकडे, वाचायचे ते ठरवावे. इथे बहुतेक जण एकदा तरी फसतात. इंटरफेसवरून, म्हणजे उपकरणाच्या एका जोडणीवरून, आत आलेल्या बाइट्सचा जुना काउंटर, आयएफ-इन-ऑक्टेट्स, ३२ बिटांचा आहे. तो सुमारे ४२९ कोटींवर पोहोचला की पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. पूर्ण भरलेल्या १ गिगाबिटच्या लिंकवर हे साधारण ३४ सेकंदांत घडते, त्यामुळे दर पाच मिनिटांनी वाचणाऱ्या सर्व्हरला मध्ये किती फेऱ्या झाल्या हे कळण्याचा मार्गच उरत नाही आणि आलेख निवांतपणे खोटे बोलतो. म्हणून ६४ बिटांचे आयएफ-एचसी-इन-ऑक्टेट्स आणि आयएफ-एचसी-आउट-ऑक्टेट्स हेच वाचावेत. पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचे काउंटर मिळत नाहीत. लिंकचा वेगही आयएफ-हाय-स्पीडमधून मेगाबिटमध्ये घ्यावा, कारण जुने आयएफ-स्पीड १० गिगाबिटचा आकडा मावून घेऊ शकत नाही.

दोन वाचनांतील फरकाला आठने गुणून दोहोंमधील प्रत्यक्ष सेकंदांनी भागले की बिट्स प्रति सेकंद मिळतात. उपकरण मध्येच रीस्टार्ट झाले तर काउंटर शून्यावर येतो आणि फरक ऋण निघतो. ते वाचन टाकून द्यावे, अन्यथा आलेखावर आभाळाला भिडणारा सुळका उमटतो. रीस्टार्ट ओळखण्यासाठी सिस-अप-टाइम (उपकरण सुरू झाल्यापासूनचा वेळ) सोबत वाचावे, मात्र तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजत असल्याने सुमारे ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येते, आणि सव्वा वर्षाहून अधिक काळ निमूट चाललेला स्विच आत्ताच रीस्टार्ट झाल्याचा अलर्ट येतो. रीस्टार्टनंतर इंटरफेसचा क्रमांकही बदलू शकतो, म्हणून नोंदी इंटरफेसच्या नावाशी बांधाव्यात.

पाच मिनिटांचे अंतर बहुतेक ठिकाणी पुरते, पण त्याची किंमत माहीत असावी. रिकामी असलेली लिंक त्या पाच मिनिटांत एक मिनिट पूर्ण तुंबली, तरी सरासरी २० टक्केच दिसते. ज्या मोजक्या अपलिंकवर (स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या लिंकवर) फोनचे कॉल किंवा व्यवहार अवलंबून आहेत, तिथे अंतर एक मिनिट करावे. सगळ्याच पोर्टना ते लावल्यास लहान स्विचचा प्रोसेसर उत्तरे देण्यातच दमतो.

मर्यादा ठरवण्याआधी किमान दोन आठवडे, शक्य तर महिनाअखेर धरून, अलर्ट बंद ठेवून आकडे जमवावेत. रात्रीच्या बॅकअपला ९५ टक्के भरणारी लिंक आजारी नसते, तर नेहमी १० टक्क्यांवर असणारी लिंक दुपारी ६० वर गेली तर विचारपूस करावी लागते. त्यामुळे सर्वत्र ८० टक्के हा नियम, तो कितीही सोयीचा असला तरी, मला आळशीपणाचा वाटतो. लिंकच्या भारासाठी सलग तीन वाचने मर्यादेपार गेल्यावरच अलर्ट उठावा आणि तो मिटण्याची मर्यादा खाली, उदाहरणार्थ ८० वर उठणारा ७० वर मिटणारा, अशी ठेवावी. नाहीतर काठावर हेलकावणारा आकडा रात्रभर फोन वाजवत राहतो. पाच मिनिटांच्या पोलिंगमध्ये तीन वाचने म्हणजे पंधरा मिनिटांचा उशीर, हे मात्र मान्य करूनच.

चुकीच्या पॅकेट्सच्या काउंटरला वेगळा न्याय लावावा. त्याची एकूण संख्या निरुपयोगी असते. ती दर वाचनाला वाढत राहते का, एवढेच पाहावे, कारण सतत वाढ बहुधा खराब केबल, मळलेले फायबर किंवा डुप्लेक्सचा बेबनाव (एक टोक एकाच वेळी पाठवते-घेते, दुसरे आळीपाळीने) दाखवते. पोर्ट बंद पडल्याचा अलर्ट अपलिंक आणि सर्व्हरच्या पोर्टपुरताच ठेवावा. टेबलांवरच्या लॅपटॉपची पोर्टे संध्याकाळी बंद होणारच. मधला स्विच गेला तर त्यामागच्या उपकरणांचे अलर्ट दाबले जातील, असे अवलंबित्वही सर्व्हरला सांगून ठेवावे.

पोर्ट पडल्याचे लगेच कळावे म्हणून यूडीपी १६२ वर ट्रॅपही (उपकरण न विचारता स्वतःहून पाठवते ते संदेश) घ्यावेत, पण ट्रॅप वाटेत हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही, म्हणून पोलिंग सोडू नये. सगळे बसवून झाल्यावर अपलिंकसारखेच नियम लावलेले, केबल जोडून चालू केलेले एक बिनकामाचे पोर्ट मुद्दाम बंद करून अलर्ट ड्यूटीवरच्या माणसाच्या फोनपर्यंत किती मिनिटांत पोहोचतो ते घड्याळ लावून पाहावे, आणि खुद्द देखरेखीच्या सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचे काम त्या नेटवर्कबाहेरच्या एखाद्या यंत्राकडे द्यावे.