कुत्र्या-मांजराचं बोर्डिंग: रोजचा दर आणि खरं बिल

गणपतीला गावी जायचं ठरलं की रेल्वेचं आरक्षण आधी होतं आणि कुत्र्याला कुठं ठेवायचं हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात निघतो. तोवर मुंबईतल्या चांगल्या जागा भरलेल्या असतात आणि उरलेले म्हणतील तो भाव द्यावा लागतो. गणपती, दिवाळी, मे महिना आणि नाताळ ते ३१ डिसेंबर या काळासाठी प्रवासाची तारीख ठरेल त्याच दिवशी जागा धरा.

मध्यम आकाराच्या कुत्र्याला घरगुती बोर्डिंगमध्ये साधारण ७०० ते १,२०० रुपये रोज पडतात. एसी खोली किंवा कॅमेऱ्यावर बघायची सोय असेल तर त्याहून जास्त. मांजरासाठी ४०० ते ८०० धरून चाला. कर्जत-पनवेलकडच्या फार्मवर मोकळी जागा मिळते, पण नेण्या-आणण्याचं भाडं आणि रात्री-अपरात्री डॉक्टर किती लांब, हे दोन्ही धरून मगच स्वस्त-महाग ठरवा.

फोनवर सांगतात तो आकडा म्हणजे बिल नव्हे. पहिला प्रश्न हा विचारा: दिवस कसा मोजता? शुक्रवारी संध्याकाळी सहाला सोडलं आणि बुधवारी सकाळी अकराला आणलं, तर चोवीस तासांच्या हिशोबानं पाच दिवस होतात, तारखेच्या हिशोबानं सहा. आता लॅब्रेडॉरसाठी ९०० रुपये दर धरा. मनात आपण ९०० गुणिले पाच, ४,५०० करतो. तारखेनं मोजलं की ५,४००. सणाचे रोजचे २०० जादा, म्हणजे आणखी १,२००. गाडीनं नेणं-आणणं प्रत्येकी ६००, म्हणजे १,२००. आधी एक रात्र सवयीसाठी ठेवलं त्याचे ९००. झाले ८,७००. अंघोळ, औषध देण्याचे पैसे आणि पक्की पावती घेतली तर जीएसटी वर लागतो का, हेही विचारून घ्या. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. अॅडव्हान्स दिल्यावर बेत रद्द झाला तर किती परत आणि लवकर आणलं तर उरलेल्या दिवसांचं काय, हेही त्यातच. यात कुणालाच संकोच वाटायचं कारण नाही.

सवयीच्या रात्रीचे पैसे मात्र वाचवू नका. पहिल्यांदा घराबाहेर राहिलेलं कुत्रं एखाद-दुसरा दिवस जेवत नाही, दाराशी बसून राहतं, क्वचित पळायला बघतं. हे तुम्ही रत्नागिरीत असताना कळण्यापेक्षा दादरला असताना कळलेलं बरं.

जागा बघायला स्वतः जा. रात्री माणूस तिथं झोपतो का, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सणाला किती कुत्री घेतात, खायला देताना वेगळी बांधतात का? भांडणं बहुतेक खाण्यावरूनच होतात. मुख्य दाराच्या आत दुसरं जाळीचं दार असावं. डिलिव्हरीवाल्यासाठी दार उघडलं की कुत्रं सटकतं. मांजरासाठी खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी हवीच. नुसतं ग्रिल पुरत नाही. आणि जी जागा लसीकरणाचं कार्ड मागत नाही तिथून परत या, कारण ते इतरांचंही बघत नसणार.

रेबीजची आणि नाइन-इन-वनसारखी (एकाच सुईत अनेक रोगांवरची) लस निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी झालेली असावी. पावसाळ्यात लेप्टो जोरात असतो, तेव्हा कार्डावर त्याची तारीख चालू आहे ना ते बघा. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यावरची, लस अनेक जागा मागतात. डॉक्टरांना तेव्हाच विचारा. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध निघण्याच्या तीन-चार दिवस आधी टाका, मात्र त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नका, नाहीतर औषध नीट पसरत नाही. मादी माजावर येण्याच्या बेतात असेल तर आधीच सांगा. बऱ्याच जागा घेत नाहीत आणि दारातून परत पाठवलं तर अॅडव्हान्सही जातो.

खाणं घरचंच द्या. अचानक खाणं बदललं की पोट बिघडतं, आणि त्यात दोष ना जागेचा, ना कुत्र्याचा. एका वेळेचं एक पाकीट करा: पाच दिवसांची दहा, शिवाय गाडी रखडली तर म्हणून दोन दिवसांची चार. पावसाळ्यात कोरडं खाणं सादळतं, म्हणून झिपच्या पिशव्या वापरा आणि वर सकाळ-संध्याकाळ लिहा. तुमची न धुतलेली जुनी चादर सोबत द्या. शिवाय एक कागद: तुमच्या डॉक्टरांचा नंबर, चालू औषधं, मुंबईतल्या एका नातेवाइकाचा नंबर आणि 'फोन लागला नाही तरी ५,००० रुपयांपर्यंत उपचार करावेत' अशी सहीची परवानगी. घाटात फोनला रेंज नसते.

मांजराचं वेगळं आहे. त्याला माणसापेक्षा जागा सुटल्याचा त्रास जास्त होतो. चार-पाच दिवसांसाठी घरीच ठेवून रोज दोनदा येणारा सिटर, म्हणजे घरी येऊन देखभाल करणारा माणूस, बहुतेक मांजरांना मानवतो. एका फेरीचे साधारण ३०० ते ५०० रुपये होतात, म्हणजे बोर्डिंगपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. सिटरला एकच ताकीद द्या: चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता फोन करायचा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर लवकर परिणाम होतो. घराच्या किल्लीबद्दल वॉचमनला आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, नाहीतर सिटर गेटवरच अडकतो.

परत आणताना तिथंच कान, मान आणि बोटांच्या बेचक्या चाचपून गोचीड बघा. पुढचे तीन आठवडे ताप, सुस्ती, खाण्यावरून उडालेलं मन किंवा फिकट हिरड्या दिसल्या तर डॉक्टरांना आधी बोर्डिंगला ठेवलं होतं हे सांगा. टिक फीवरची, म्हणजे गोचिडांमुळे येणाऱ्या तापाची, रक्ततपासणी लगेच करून घेता येईल.