तिशीनंतर एमबीबीएस: कोकणातील उमेदवाराने निर्णय कसा घ्यावा

शाळेत विज्ञान शिकवणारे, औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून दवाखाने पालथे घालणारे, लॅबमध्ये रक्त तपासणारे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका असलेले कितीतरी जण तिशीच्या आसपास डॉक्टर होण्याचा विचार पुन्हा करू लागतात. त्यांनी आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपल्याकडे एमबीबीएसच्या प्रवेशात अनुभवाला गुण नाहीत. मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, मनोगत लिहून द्यावे लागत नाही. ‘नीट’ या देशपातळीवरील प्रवेशपरीक्षेतील गुण, प्रवर्ग आणि कागदपत्रे यांवरच सारे ठरते. दहा वर्षे रुग्णसेवा केलेल्या परिचारिकेला हे अन्यायाचे वाटेल आणि त्यात तथ्यही आहे. पण याच नियमामुळे ‘इतक्या उशिरा का?’ असेही कोणी विचारत नाही. तेव्हा वयाचा हिशेब करायचा तो प्रवेश मिळेल का यासाठी नव्हे, तर पुढची वर्षे आपल्याला आणि घराला पेलतील का यासाठी.

नियमापुरते बोलायचे तर वयाची अडचण उरलेली नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असली पाहिजेत, एवढीच अट आहे. पूर्वी खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा होती आणि तिच्यावर न्यायालयात वाद चालू होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये ती काढून टाकली. ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० मध्ये ६४ व्या वर्षी नीट उत्तीर्ण होऊन सरकारी महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. हे उदाहरण नियम कळण्यासाठी उपयोगी आहे, नियोजनासाठी नाही, कारण त्या गृहस्थांना पोटापाण्यासाठी डॉक्टरी करायची नव्हती.

त्यानंतर बारावीची गुणपत्रिका काढून पाहावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत, आणि विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाला ४० टक्के गुण हवेत. ज्यांनी बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडले होते, त्यांना आता तो एक विषय नंतर देऊन पात्र होता येते. आयोगाने २०२३ मध्ये तशी मुभा दिली आहे. राज्य मंडळात अशा परीक्षार्थींना ‘तुरळक विषय’ घेऊन बसणारे म्हणतात. मात्र अर्जाची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, त्यामुळे पावसाळ्यातच कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करावी.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट असते. बांदा, दोडामार्गकडील ज्यांनी बारावी गोव्यात केली आहे, त्यांनी प्रवेशप्रक्रिया राबवणाऱ्या राज्य सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका हाती घेऊन पहिल्यांदा हेच कलम वाचावे, पुस्तके नंतर विकत घ्यावीत. जातीचा दाखला असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास चालू वर्षाचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तयार ठेवावे. विवाहित महिलेचा जातीचा दाखला माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या जातीवरून निघतो आणि गुणपत्रिकेवरील नाव आधार कार्डावरील नावाशी जुळत नाही. त्यासाठी राजपत्रातील नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते. शिक्षणात पडलेल्या खंडाचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. त्यात नोकरी केली असेल तर तसे सरळ लिहावे, लपवण्यासारखे काही नसते.

आता वर्षांचा हिशेब. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित, म्हणजे लिहून दिल्याप्रमाणे करावी लागणारी सरकारी सेवा. तिसाव्या वर्षी तयारीला बसलेला उमेदवार दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी झाला, तर बत्तिशीत प्रवेश, सदतिशीपुढे आंतरवासिता पूर्ण आणि अडतिशीच्या पुढे बंधपत्रातून सुटका, असे वेळापत्रक होते. एमडी किंवा एमएस करायचे तर नीट-पीजी आणि पुढची तीन वर्षे वेगळी. ज्यांना शेवटी सरकारी नोकरीच हवी आहे, त्यांनी वैद्यकीय अधिकारी पदाच्या अलीकडच्या दोन-तीन जाहिराती काढून त्यांतील कमाल वयोमर्यादा आजच पाहावी.

शिकताना नोकरी चालू ठेवता येईल, या भरवशावर तर अजिबात राहू नये. २०२३ च्या नियमावलीनुसार तासिकांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते; पहिल्या वर्षासाठी जास्तीत जास्त चार संधी मिळतात आणि संपूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत संपवावा लागतो. म्हणजे घरातली एक मिळकत किमान साडेचार वर्षे थांबणार. आंतरवासितेत विद्यावेतन मिळते, पण त्यात घर चालत नाही. गृहकर्जाचा हप्ता, मुलांच्या शाळा, आईवडिलांची औषधे आणि बागायत असेल तर फवारणी-राखणीचा खर्च यांचा आकडा कागदावर मांडून तो जोडीदाराला दाखवावा, आणि घरातून होकार आल्यावरच पुढे जावे. बऱ्याच घरांत हा कागद कधी मांडलाच जात नाही आणि भांडण मात्र दुसऱ्या वर्षी सुरू होते.

निर्णयापूर्वी काम जवळून पाहावे. ओळखीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी घेऊन पावसाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात काही संध्याकाळी बसावे. लावणीच्या दिवसांत फुरसे चावलेला रुग्ण येतो. त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरकी करून पाहतात. रक्त गोठलेले नसेल तर विष रक्तात भिनल्याचे कळते आणि प्रतिविष सुरू होते. त्या वीस मिनिटांत नातेवाइकांचे प्रश्न, बाहेरची रांग आणि रुग्णवाहिकेसाठीचे फोन चालूच असतात. सिंधुदुर्गात लेप्टो आणि माकडतापाचे रुग्ण आढळतात, हेही लक्षात असावे. महाड परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा वापर रूढ केला, तो अशाच साध्या केंद्रांतील निरीक्षणातून. हे सारे पाहून मन मागे सरकत असेल, तर तेही उत्तरच समजावे.

मन पुढे जात असेल तर स्वतःची चाचणी घ्यावी. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण असतात; बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्यांपैकी ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, जीवशास्त्राचे असतात. जुनी प्रश्नपत्रिका छापून, ओएमआर पत्रिकेसह, दुपारी दोन ते पाच अशी घड्याळ लावून सोडवावी. पहिल्या वेळचे गुण वाईटच येतील; त्यांवरून काहीच ठरवू नये. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तके घेऊन चार महिने रोज तीन तास अभ्यास करावा आणि पुन्हा तशीच परीक्षा द्यावी. या दोन गुणांमधील फरक हाच खरा निकष. नोकरदार उमेदवारांचे जीवशास्त्र सहसा सावरते, भौतिकशास्त्रात मात्र दमछाक होते, म्हणून शिकवणी लावायचीच असेल तर त्या एका विषयाची लावावी. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण पुढचे शिक्षण इंग्रजीतून होणार असल्याने संज्ञा इंग्रजीत पाठ असाव्यात. परीक्षा सामान्यतः मेच्या पहिल्या रविवारी होते, म्हणजे ऐन हापूसच्या हंगामात आणि चाकरमानी घरी आलेले असताना. बागेची कामे कोण पाहणार, हे फेब्रुवारीतच ठरवून टाकावे.

नीट ‘पात्र’ होणे आणि जागा मिळणे यांत फार अंतर आहे. पात्रता पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत यावर ठरते, जागा मात्र गुणवत्ता यादीवर. म्हणून आपले गुण मागच्या वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाशी ताडून पाहावेत. कोकणात आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ओरोस येथे सरकारी महाविद्यालये आहेत. डेरवण आणि पडवे येथे खासगी. पण ७० टक्के जागा त्या प्रदेशातल्यांना आणि ३० टक्के उरलेल्या राज्याला देणारे ७०:३० सूत्र २०२० मध्ये रद्द झाल्यापासून घराजवळचे महाविद्यालय म्हणून कोणाचा हक्क राहिलेला नाही, आणि जागा नांदेड किंवा गोंदियाला मिळू शकते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आपल्याकडच्यांना वाट आहे ती १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. खासगी महाविद्यालयाचे शुल्क सरकारीच्या कित्येक पट असते आणि संस्था कोट्यात ते आणखी वाढते. चाळिशीत कमाई सुरू होणाऱ्याने तेवढे कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलींसाठी, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्कमाफीची राज्य योजना २०२४-२५ पासून आहे. तिच्या अटी विवाहित महिलांनी बारकाईने वाचाव्यात.

बीएएमएस, बीएचएमएस किंवा नर्सिंग झालेल्यांना एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही. तसे सांगून पैसे मागणारा एजंट भेटला तर विषय तिथेच संपवावा. परदेशात शिकायचे असले तरी नीट पात्रता लागतेच आणि परतल्यावर पुन्हा परवाना परीक्षा व आंतरवासिता असते. गुण थोडे कमी पडले तर आयुर्वेद आणि फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटवरच होतात, त्यामुळे केलेला अभ्यास फुकट जात नाही.

शेवटी नोकरीचा राजीनामा. निकालाच्या आनंदात तो कधीही देऊ नये. प्रवेशफेऱ्या पावसाळ्यात सुरू होऊन बहुधा गणपतीनंतरही चालू राहतात, आणि हजर होण्याची मुदत कधी कधी थोड्याच दिवसांची असते. तोवर रजा घ्यावी आणि नोटीस कालावधी किती, हे आस्थापना विभागाकडून लेखी घ्यावे. पहिल्या फेरीनंतर जागा नाकारल्यास अनामत रक्कम जप्त होऊ शकते, म्हणून पसंतीक्रमात जिथे खरोखर जाणार तीच महाविद्यालये भरावीत. मूळ कागदपत्रे महाविद्यालयात जमा होतात. त्यांच्या साक्षांकित प्रतींचे दोन-तीन संच आधीच काढून ठेवावेत, आणि प्रवेशाची पावती हातात आल्यानंतरच राजीनामा द्यावा.